युद्ध थांबेपर्यंत गावांनी काय करायचं? : लेबनॉन-इस्रायल सीमेवरचे शस्त्रसंधीचे करार

कोरांटी

सीमेपलीकडून रॉकेटं येतात, अलीकडून विमानं जातात, आणि मग जगभरच्या राजधान्यांतून निवेदनं निघतात. दोन्ही बाजूंनी संयम पाळावा, नागरिकांचं रक्षण व्हावं, तातडीने शस्त्रसंधी व्हावी. ही वाक्यं आता इतकी सरावाची झाली आहेत की बातमी वाचताना डोळा तिथे थांबतही नाही. या आवाहनांचं पुढे नेमकं काय होतं, कुठलं कामाला येतं आणि कुठलं नाही, हे मला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी मी इस्रायल-लेबनॉन सीमा निवडली. एकाच सीमेवर, त्याच त्या गावांसाठी १९९३, १९९६, २००६ आणि २०२४ अशा चार वेळा तडजोडी झाल्या. शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील अशा.

१९९३ची थोडक्यात सांगते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इस्रायलने दक्षिण लेबनॉनवर जोरदार मारा केला, लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेने उत्तर इस्रायलवर कत्युशा रॉकेटं सोडली, लाखो लोक घरं सोडून निघाले. अमेरिकेने मध्यस्थी केली आणि तोंडी समझोता झाला की नागरी वस्तीवर कुणी मारायचं नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. त्यामुळे समझोता कुणी मोडला यावर पुढची तीन वर्षं दोन्हीकडे दोन कहाण्या.

१९९६वर मात्र थांबायला हवं. दक्षिण लेबनॉनचा एक पट्टा तेव्हा इस्रायलच्या ताब्यात होता आणि तिथे हिजबुल्लाशी रोजची लढाई चालू होती. ११ एप्रिलला इस्रायलने मोठी मोहीम सुरू केली. गावं रिकामी करा असे इशारे रेडिओवरून दिले जात होते. पण ज्यांच्याकडे गाडी नाही, ज्यांच्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांनी कुठे जायचं? दक्षिण लेबनॉनमधल्या काना या गावाच्या आसपासच्या खेड्यांतले सुमारे ८०० लोक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या फिजी तुकडीच्या तळावर आसऱ्याला गेले. वर निळा झेंडा, म्हणजे इथे सुरक्षित, हा त्यांचा साधा हिशेब. १८ एप्रिलच्या दुपारी इस्रायली तोफांचे गोळे त्या तळावर पडले. शंभराहून अधिक माणसं गेली.

त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने १०५२ क्रमांकाचा ठराव एकमताने केला, शत्रुत्व तात्काळ थांबवण्याचं आवाहन केलं. लढाई त्यानंतरही आठ दिवस चालूच होती. ती थांबली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वॉरन क्रिस्टोफर आणि फ्रान्सचे एर्व्हे द शारेत यांच्या दमास्कस, बैरूत, जेरुसलेम अशा फेऱ्यांनंतर. २६ एप्रिलला मजकूर जाहीर झाला आणि २७ला पहाटे ४ वाजता तोफा थंडावल्या. 'एप्रिल समझोता' म्हणतात तो हाच. त्यावर कुणाचीही सही नव्हती, पण मजकूर लेखी होता.

त्यात होतं काय? लेबनॉनमधल्या सशस्त्र गटांनी इस्रायलच्या हद्दीत कुठल्याही शस्त्राने मारा करायचा नाही. इस्रायलने आणि त्याच्या सोबत्यांनी लेबनॉनमधल्या नागरिकांवर, नागरी ठिकाणांवर मारा करायचा नाही. कुठल्याही परिस्थितीत नागरिक लक्ष्य होता कामा नयेत. आणि वस्ती, कारखाने, वीजकेंद्रं यांच्या आडून कुणी हल्ला करायचा नाही. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र दोघांनी राखून ठेवला. म्हणजे पट्ट्यात सैनिक आणि लढवय्ये एकमेकांशी लढत राहणार, हे गृहीतच धरलेलं होतं.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे देखरेख गट. अमेरिका, फ्रान्स, सीरिया, लेबनॉन, इस्रायल असे पाच सदस्य, अध्यक्षपद अमेरिका आणि फ्रान्सकडे आळीपाळीने, बैठका दक्षिण लेबनॉनमधल्या नाकूरात, शांतिसेनेच्या मुख्यालयात. गावावर गोळा पडला की लेबनॉनने तक्रार द्यायची, रॉकेट आलं की इस्रायलने. मग पाचही जणांनी बसून चौकशी करायची आणि सर्वांच्या संमतीने निवेदन काढायचं. इस्रायल आणि सीरियाचे लष्करी अधिकारी एका खोलीत बसून एखाद्या खेड्यातल्या एका घराबद्दल बोलत होते, ही गोष्ट मला आजही थक्क करते. हिजबुल्ला त्या खोलीत नव्हती, तिच्यापर्यंत बात पोचवायचं काम सीरिया आणि लेबनॉनचं.

हे सगळं फेब्रुवारी २०००पर्यंत टिकलं. मधल्या काळात नागरिक मेलेच नाहीत असं नाही. पण १९९३ आणि १९९६सारखा लाखोंना घराबाहेर काढणारा भडका त्या वर्षांत उडाला नाही. मे २०००मध्ये इस्रायलने पट्टा सोडला, संयुक्त राष्ट्रांनी माघारीची निळी रेषा आखली, आणि गट इतिहासजमा झाला.

आता २००६. १२ जुलैला हिजबुल्लाने सीमा ओलांडून इस्रायली गस्तीवर हल्ला केला, सैनिक मारले, दोघांना उचलून नेलं. युद्ध ३४ दिवस चाललं. २६ जुलैला रोममध्ये परिषद भरली. लेबनॉनचे पंतप्रधान फुआद सिनिओरा यांनी तिथे सात कलमी प्रस्ताव मांडला. बहुतेकांना तात्काळ शस्त्रसंधी हवी होती. अमेरिकेचं म्हणणं, आधी टिकाऊ तोडग्याच्या अटी ठरू द्या, नाहीतर पुन्हा हेच होईल. परिषद संपली ती 'शस्त्रसंधीसाठी तातडीने काम करू' या वाक्यावर. चार दिवसांनी, ३० जुलैला, त्याच काना गावात एका इमारतीवर बॉम्ब पडला. २८ माणसं गेली, निम्म्याहून जास्त मुलं. रोमपासून युद्ध थांबवणाऱ्या, सुरक्षा परिषदेच्या १७०१ क्रमांकाच्या ठरावापर्यंत १६ दिवस गेले.

टिकाऊ तोडग्याचा आग्रह चूक आहे असं मी म्हणत नाही. पण त्या तोडग्याची वाट पाहताना गावांसाठी वेगळी, छोटी, लेखी हमी मागता येते, आणि १९९६मध्ये ती मिळाली होती. २००६मध्ये ती कुणी मागितलेली मला दिसली नाही, सगळं एकाच मोठ्या ठरावात बांधायला गेले. माझं म्हणणं एवढंच आहे. तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधी असली तर जास्तच.

सांजवारा

कोरांटी, एका दमात वाचलं. कानाचं नाव २००६मुळे ऐकलं होतं, दहा वर्षं आधीही तेच गाव होतं हे माहीत नव्हतं. १९९६ला तळावर गोळे पडले त्याची चौकशी झाली का? कुणाला जबाबदार धरलं?

कोरांटी

झाली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी आपले लष्करी सल्लागार, डच मेजर जनरल फ्रँकलिन व्हॅन काप्पेन यांना पाठवलं. त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की शक्यता पूर्णपणे नाकारता येत नसली, तरी हा मारा तांत्रिक वा कार्यपद्धतीच्या ढोबळ चुकांमुळे झाला असेल असं वाटत नाही. इस्रायलने हे साफ नाकारलं. त्यांचं म्हणणं, तळाजवळून हिजबुल्लाने मारा केला होता, प्रत्युत्तर त्याला होतं, तळावर गोळे चुकून पडले. तळाच्या जवळून मारा झाला होता हे अहवालानेही नोंदवलं आहे. पुढे शिक्षा वगैरे कुणालाच नाही. बुत्रोस-घालींनी अमेरिकेचा विरोध असताना तो अहवाल मे १९९६मध्ये जाहीर केला. त्यांची दुसरी मुदत अमेरिकेने त्याच वर्षाअखेर नकाराधिकार वापरून रोखली. कारणं बरीच होती, पण या अहवालाने संबंध सुधारले नसणार.

डॉकवाला

चांगला धागा. मी माझगाव डॉकमधून निवृत्त झालो. २००६च्या जुलैत आयएनएस मुंबई बैरूतला गेली तेव्हा आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता, कारण ती आमच्या यार्डात बांधलेली. नौदलाची चार जहाजं भूमध्य समुद्रातला दौरा आटोपून परत निघाली होती, मुंबई, ब्रह्मपुत्रा, बेतवा आणि शक्ती. त्यांना तिथूनच मागे वळवलं. 'ऑपरेशन सुकून' नाव. बैरूत बंदरातून माणसं घ्यायची, सायप्रसमध्ये लार्नाकाला उतरवायची, तिथून विमानाने घरी. जवळपास २,२८० जण आणले. त्यात १,७६४ भारतीय, आणि श्रीलंकेचे, नेपाळचेही लोक.

इथे एक बाजू जोडतो. नागरिक म्हटलं की आपण त्या देशाचेच लोक डोळ्यांसमोर आणतो. लेबनॉनमध्ये घरकामाला, कारखान्यात, शेतात परदेशी मजूर खूप. श्रीलंका, इथिओपिया, फिलिपिन्स, आपलेही. अनेकांचे पासपोर्ट मालकाकडे ठेवलेले. मालक गाडीत बसून डोंगरात निघून गेला, बाई घरात कुलूपबंद, असे प्रकार झाले. २०२४लाही तेच पुन्हा झालं. आवाहनात 'नागरिकांना बाहेर पडायला वाट द्या' असं लिहिलेलं असतं. कागदपत्रं नाहीत त्याला वाट उघडी असून काय उपयोग?

सांजवारा

डॉकवाला काका, हे कुठे वाचलं नव्हतं. धन्यवाद.

रेवदंडा ते अश्दोद

नमस्कार मंडळी. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, आईवडील रेवदंड्याचे, माझा जन्म इथला, इस्रायलमधला. घरात अजून मराठी बोलतो, म्हणून हे वाचायला मिळालं. कोरांटीताई, तुम्ही मनापासून लिहिलं आहे हे दिसतं, म्हणून मीही मनापासून लिहिते.

२००६मध्ये आमचं अश्दोद रॉकेटांच्या पल्ल्याबाहेर होतं. हैफाचे नातलग तीन आठवडे आमच्याकडे राहिले. १६ जुलैला हैफाच्या रेल्वे डेपोवर रॉकेट पडून ८ कामगार गेले, त्यानंतर ते आले. मुलं जमिनीवर गाद्या टाकून झोपायची आणि दार जोरात लागलं की दचकून उठायची. जवळपास ४,००० रॉकेटं त्या ३४ दिवसांत आली. ही रॉकेटं लष्करी तळ शोधत येत नव्हती, वस्तीवरच टाकली जात होती. तुमच्या लेखात याला एक-दोन वाक्यं आहेत.

दुसरं, १७०१ ठरावाचं. त्यात लिहिलं होतं की निळ्या रेषेपासून लितानी नदीपर्यंत लेबनॉनचं सैन्य आणि शांतिसेना सोडून कुणी शस्त्रधारी असणार नाही. शांतिसेना १५,००० पर्यंत वाढवायची मुभाही दिली. मग २०२३च्या ८ ऑक्टोबरला रॉकेटं कुठून आली? त्या कागदावर विसंबून सीमेवरच्या गावांत लोकांनी घरं बांधली, बागा लावल्या, आणि ६०,००० माणसं एका फटक्यात हॉटेलांत राहायला गेली. किती जणांची मुलं वर्षभर दुसऱ्याच शाळेत. २७ जुलै २०२४ला गोलानमधल्या मजदल शम्सच्या फुटबॉल मैदानावर रॉकेट पडून १२ मुलं गेली, द्रूझ समाजाची. मला शस्त्रसंधी हवी आहे, अगदी मनापासून. पण कागदाचं नाव काढलं की आमच्याकडे लोक विचारतात, त्याची अंमलबजावणी कोण करणार?

कोरांटी

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. उत्तर इस्रायलबद्दल मी कमी लिहिलं, ते तुमच्यामुळे धाग्यात आलं. वस्तीवर बेधडक रॉकेटं टाकणं हा गुन्हाच आहे, त्याला 'पण' लावायची गरज नाही.

तुमच्या प्रश्नावर मला वाटतं ते सांगते. १७०१ने फार मोठं काम हाती घेतलं, एका सशस्त्र संघटनेला तिच्या स्वतःच्या गावांतून हटवण्याचं. ते करायचं कुणी? लेबनॉनचं सैन्य, जे देशांतर्गत यादवी टाळायला धडपडत होतं. शांतिसेना मदतीला, पण तिला कुणाच्या घरात घुसून शस्त्रं जप्त करायचा अधिकार नव्हता. दुसरीकडे लेबनॉनच्या आकाशातून इस्रायली विमानांच्या फेऱ्याही ठरावाविरुद्ध चालूच राहिल्या. दोन्ही उल्लंघनं सरचिटणीसांच्या अहवालांत वर्षानुवर्षं नोंदली गेली आणि तिथेच राहिली. १९९६च्या गटाचं काम छोटं होतं: काल या गावात काय झालं, कुणी केलं, पुढच्या वेळी काय करायचं. छोटं होतं म्हणून तर झालं.

फलटणचा सुभेदार

मी काही वर्षं पूंछ सेक्टरला काढली. लेबनॉनचं मला ठाऊक नाही, पण तुम्ही जे सांगताय ते नियंत्रण रेषेवर अनुभवलंय.

नोव्हेंबर २००३मध्ये शस्त्रसंधी झाली. करारनामा वगैरे नाही, दोन्ही देशांनी मान्य केलं आणि तोफा बंद. त्यानंतरची काही वर्षं रेषेजवळच्या गावांत लोक कुंपणाला लागून शेती करायला लागले, शाळा भरायला लागल्या. मग हळूहळू ढासळत गेलं. २०२०मध्ये आपल्या सरकारच्या हिशेबाने ५,१३३ वेळा उल्लंघन झालं. आणि २५ फेब्रुवारी २०२१ला दोन्हीकडच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, संयुक्त निवेदन काढलं, तेही जेमतेम काही ओळींचं. २४-२५च्या मध्यरात्रीपासून तोफा थांबल्या. गावातली म्हातारी माणसं आम्हाला विचारायची, साहेब, या वेळी किती दिवस? २०२५च्या मे महिन्यात पुन्हा पूंछ शहरात गोळे पडले, शाळकरी मुलं गेली. १० मेला संध्याकाळी ५ वाजता थांबलं, तेही डीजीएमओंच्या फोननेच.

सांगायचा मुद्दा, तिसरा देश नसला तरी चालतं, पण एक चालू फोन लागतो. पलीकडे उचलणारा माणूस असा लागतो की ज्याचा हुकूम खालच्या पोस्टपर्यंत पोचतो. आणि गावात पक्के बंकर. शस्त्रसंधी मोडणार हे धरूनच बंकर बांधायचे असतात.

कोरांटी

सुभेदारसाहेब, हे सोन्यासारखं आहे. 'ज्याचा हुकूम खालपर्यंत पोचतो' हा मुद्दा तर माझ्या सगळ्या लेखात नाही. सीरियाला १९९६च्या गटात घ्यावं लागलं ते याच कारणाने. हिजबुल्लाला थांबवू शकेल असा हात तेव्हा बैरूतपेक्षा दमास्कसमध्ये जास्त होता. क्रिस्टोफर यांना सीरियाचे अध्यक्ष हाफिज अल-असद यांच्या दारात किती वेळा जावं लागलं ते पाहिलं तर लक्षात येतं.

तिरपीरेघ

सगळं ठीक आहे, पण मूळ प्रश्न कोण बरोबर, कोण चूक हा आहे. दहशतवादी संघटनेशी करार कसला करायचा?

बकुळ

आणि दुसऱ्याची जमीन बळकावून बसलेल्याशी तरी कसला?

संपादक चावडी

दोघांनाही विनंती. त्या वादासाठी इथे आधीचे धागे आहेत. इथे शस्त्रसंधी आणि नागरिकांचं संरक्षण यावरच लिहावं.

कलम ५७

मी आंतरराष्ट्रीय कायद्याची विद्यार्थिनी. वरचे दोन प्रतिसाद विषयाबाहेरचे म्हणून थांबवले ते योग्यच, पण त्यातल्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर आहे. युद्ध कुणी सुरू केलं, कोण न्यायाच्या बाजूने आहे, आणि युद्धात नागरिकांशी कसं वागायचं, हे दोन स्वतंत्र प्रश्न मानले आहेत. १९४९चे जिनिव्हा करार आणि १९७७चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल याच पायावर उभे आहेत. माझं टोपणनाव त्याच प्रोटोकॉलमधून घेतलंय: हल्ला करणाऱ्याने कोणती खबरदारी घ्यायची ते त्या कलमात आहे. ५८व्यात दुसऱ्या बाजूची जबाबदारी, म्हणजे आपले लोक आणि आपली शस्त्रं एकमेकांपासून दूर ठेवायची. एकाने ५८ मोडलं म्हणून दुसऱ्याला ५७ मोडायची परवानगी मिळत नाही. इस्रायल आणि भारत या प्रोटोकॉलचे सदस्य नाहीत, पण यातले मूळ नियम प्रथागत कायदा म्हणून सर्वांनाच लागू धरले जातात.

एप्रिल समझोता वाचला तर हीच दोन कलमं साध्या भाषेत, त्या दोन बाजूंच्या नावानिशी उतरवलेली दिसतात. एकाच कागदावर दोन्ही जबाबदाऱ्या, आणि तक्रार कुठे करायची तेही.

कोरांटीताई, २००६चा शेवटचा टप्पा तुम्ही लिहिला नाहीत. ठराव झाला ११ ऑगस्टला, अंमल सुरू झाला १४ ऑगस्टला सकाळी ८ वाजता. मधल्या दिवसांचं काय?

कोरांटी

लेख लांबेल म्हणून ठेवलं होतं. लिहिते.

शस्त्रसंधी होणार हे नक्की झाल्यावर लढाई वाढली. इस्रायलने लितानीच्या दिशेने मोठं सैन्य पुढे घातलं आणि त्या अखेरच्या टप्प्यात त्यांचे ३३ सैनिक गेले. १० ऑगस्टला इस्रायलचे तीन मोठे लेखक, अमोस ओझ, ए. बी. येहोशुआ आणि डेव्हिड ग्रॉसमन यांनी तेल अवीवमध्ये पत्रकार परिषद घेऊन सरकारला सांगितलं होतं, आता थांबा. सुरुवातीला या तिघांनी प्रत्युत्तराच्या हक्काला पाठिंबा दिला होता. १२ ऑगस्टला ग्रॉसमन यांचा रणगाड्यावर असलेला २० वर्षांचा मुलगा मारला गेला. १३ तारखेला, अखेरच्या पूर्ण दिवशी, हिजबुल्लाने दोनशेहून अधिक रॉकेटं सोडली.

आणि क्लस्टर बॉम्ब. एका बॉम्बमधून शेकडो छोटे बॉम्ब विखुरतात, त्यातले बरेच फुटत नाहीत आणि शेतात, झाडांवर, अंगणात पडून राहतात. संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी कामाचे प्रमुख यान एगेलांड यांनी ऑगस्टच्या शेवटी सांगितलं की यातले ९० टक्के शेवटच्या ७२ तासांत टाकले गेले, म्हणजे ठराव येणार हे माहीत असताना. न फुटलेले अंदाजे दहा लाख. लोक १४ तारखेला सकाळीच गाड्यांवर गाद्या बांधून घरी परतू लागले आणि तंबाखूच्या, ऑलिव्हच्या शेतांत पाय ठेवताच स्फोट. कुठे कुठे टाकले त्याची सविस्तर माहिती इस्रायलने संयुक्त राष्ट्रांना दिली ती मे २००९मध्ये.

या तीन दिवसांचा मला सर्वांत जास्त राग येतो. 'ठरलं' आणि 'लागू झालं' यांच्यामध्ये जे तास ठेवले जातात ते सैन्यांच्या सोयीसाठी असतात, आणि किंमत गावं मोजतात. शस्त्रसंधीची मागणी करणाऱ्या प्रत्येक देशाने हे तासही मोजून मागायला हवेत. शेवटच्या टप्प्यात कोणती शस्त्रं वापरायची नाहीत, हे त्याच मजकुरात हवं.

कलम ५७

याच क्लस्टर बॉम्बच्या अनुभवाने ओस्लो प्रक्रियेला, म्हणजे या बॉम्बवर बंदी आणण्याच्या वाटाघाटींना, जोर आला. मे २००८मध्ये डब्लिनला करार संमत झाला, डिसेंबरात ओस्लोत सह्या, १ ऑगस्ट २०१०पासून लागू. लेबनॉन त्याचा सदस्य आहे. इस्रायल नाही, अमेरिका नाही, रशिया नाही, आपणही नाही. २०२५मध्ये लिथुआनिया त्यातून बाहेर पडला, ही त्या करारातून झालेली पहिली माघार. म्हणजे मिळवलेलं परत जाऊही शकतं.

रेवदंडा ते अश्दोद

ग्रॉसमन यांची ती बातमी मला अजून आठवते. दोन दिवस आधी टीव्हीवर पाहिलेला माणूस. घरात कुणी बोललं नाही.

कोरांटीताई, तुमचं उत्तर पटलं काही अंशी. तरी एक विचारते. २०२४च्या सप्टेंबरात अमेरिका, फ्रान्स आणि आणखी देशांनी मिळून २१ दिवसांच्या शस्त्रसंधीचं आवाहन केलं होतं. दोनच दिवसांत सगळं उलटं झालं. तिथे तर छोटंच मागितलं होतं ना?

कोरांटी

खरंय. २५ सप्टेंबरच्या रात्री न्यू यॉर्कमध्ये ते आवाहन निघालं. त्याआधी २३ तारखेला एका दिवसात लेबनॉनमध्ये पाचशेच्या आसपास माणसं गेली होती. २७ला बैरूतवरच्या हल्ल्यात हिजबुल्लाचे प्रमुख हसन नसरल्ला मारले गेले, १ ऑक्टोबरला जमिनीवरची मोहीम सुरू झाली. शस्त्रसंधी झाली थेट २७ नोव्हेंबरला पहाटे ४ वाजता. तोपर्यंत लेबनॉनच्या सरकारच्या आकड्यांप्रमाणे दहा लाखांहून अधिक लोक घराबाहेर.

ते आवाहन मुदतीच्या दृष्टीने छोटं होतं, मागणीच्या दृष्टीने मोठंच. सगळी लढाई २१ दिवस बंद. लढणाऱ्या बाजूला तेव्हा वाटत होतं की आपण जिंकतोय, आत्ता कशाला थांबायचं. अशा वेळी सर्व लढाई थांबवायला सांगणं फुकट जाण्याची शक्यता जास्त. 'दवाखाने, रुग्णवाहिका, पाण्याच्या योजना, स्थलांतराचे रस्ते यांवर आजपासून मारा नाही, आणि त्यांच्या आडून लढायचं नाही' अशी मागणी त्याच निवेदनात वेगळी, नावानिशी, तक्रारीच्या टेबलासकट असती तर? मान्य झाली असती असं छातीठोक सांगता येणार नाही. पण नाकारणाऱ्याला ती नाकारणं जास्त जड गेलं असतं. मागायला तरी हवी होती.

डॉकवाला

आपले जवानही आहेत ना तिथल्या शांतिसेनेत?

फलटणचा सुभेदार

हो काका. १९९८पासून भारतीय बटालियन तिथे आहे, २०२४मध्ये साधारण ९०० जवान होते. माझ्या ओळखीचे काही जण जाऊन आलेत. गावात जनावरांचा दवाखाना, दातांचा डॉक्टर, असली कामंही आपली तुकडी करते. ऑक्टोबर २०२४मध्ये नाकूरात शांतिसेनेच्या ठाण्यांवर मारा झाला, शांतिसैनिक जखमी झाले. तेव्हा सैन्य पाठवणाऱ्या देशांनी मिळून निषेध केला, भारतानेही त्याला साथ दिली.

सांजवारा

पण ही शांतिसेनाच आता बंद होणार असं वाचलं. मग नागरिकांनी जायचं कुणाकडे?

कोरांटी

ऑगस्ट २०२५मध्ये सुरक्षा परिषदेने २७९० क्रमांकाचा ठराव केला. ३१ डिसेंबर २०२६पर्यंत शेवटची मुदतवाढ, त्यानंतर वर्षभरात माघार. १९७८पासून असलेली तुकडी. तिच्या त्रुटी सगळ्यांनी वर लिहिल्याच. पण गोळा पडला तर तो कुठून आला आणि कुठे पडला हे दोन्ही बाजूंचं नसलेलं कुणीतरी लिहून ठेवत होतं.

२०२४च्या शस्त्रसंधीबरोबर एक देखरेख यंत्रणा झाली आहे. अध्यक्ष अमेरिका, सोबत फ्रान्स, लेबनॉन, इस्रायल आणि शांतिसेना, बैठका पुन्हा नाकूरातच. कागदावर ती १९९६च्या गटाची धाकटी बहीण दिसते. फरक दोन. तेव्हा हिजबुल्लापर्यंत ज्याचा हात पोचत होता तो सीरिया टेबलावर होता, आता तसं कुणी नाही. आणि तेव्हा चौकशीनंतर पाचांचं एकमताचं निवेदन बाहेर यायचं, वर्तमानपत्रांत छापून यायचं. आता शस्त्रसंधी असतानाही इस्रायलचे हल्ले चालू राहिले, हिजबुल्ला पुन्हा शस्त्रं जमवते असे आरोप होत राहिले, आणि कुठल्या घटनेत यंत्रणेला काय आढळलं ते त्या गावातल्या माणसाला कळायचा मार्ग नाही.

म्हणून सांजवारा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: शांतिसेना गेली तरी तिची नोंदवही जाता कामा नये. संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्र निरीक्षक त्या भागात १९४८-४९पासून आहेत, त्यांचं काम स्वतंत्र ठरावाखाली चालतं. त्यांची संख्या वाढवावी आणि त्यांचे निष्कर्ष जाहीर व्हावेत, ही मागणी भारतासारख्या देशाने करावी, कारण तिथे आपले जवान राहिलेत आणि दोन्ही देशांशी आपलं बोलणं आहे.

रेवदंडा ते अश्दोद

जाहीर व्हावेत, पण दोन्ही भाषांत. हिब्रू आणि अरबी. इकडच्या बाईला तिकडच्या गावात काय झालं ते कळू दे, आणि तिकडच्या बाईला इकडचं.

कोरांटी

हो ताई. हे मी लेखात जोडते, तुमच्या नावाने.